‘हे अंशतः खरे आहे’: निराधारांचा पगार, तारांकित प्रश्न आणि आपण

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

आमच्या आमदारांनी गेल्या पावसाळी अधिवेशनात तालुक्यातल्या निराधारांच्या थकलेल्या पगारावर तारांकित (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न टाकला होता. त्याचं छापील उत्तर परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. खाली हात जोडलेल्यांची रांग, ‘साहेबांचे जाहीर आभार’ वगैरे. मी मात्र ते उत्तर नीट वाचलं आणि आभार कशाचे मानायचे तेच कळेना.

ज्यांचा या योजनेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांना महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. पासष्टच्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना. आधी हजार होते, जुलै २०२३ पासून पंधराशे; दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार. गावात याला कुणी अनुदान म्हणत नाही, पगारच म्हणतात. ‘माझा पगार आला का बघ की रे’ म्हणत म्हाताऱ्या पासबुक घेऊन येतात, कारण मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो.

तर उत्तर असं. नेमके शब्द थोडे इकडचे तिकडे असतील, मजकूर हाच:

(१) तालुक्यातील अनेक लाभार्थ्यांना माहे मार्चपासून अनुदान मिळाले नसल्याचे माहे मे मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय? – हे अंशतः खरे आहे.

(२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? – ज्यांचे आधार बँक खात्याशी संलग्न नाही असे लाभार्थी वगळता पात्र लाभार्थ्यांना अनुदान वितरित करण्यात आले आहे.

(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? – प्रश्न उद्भवत नाही.

आता मला सांगा, अंशतः म्हणजे किती? माझ्या गल्लीतल्या काकूंना पैसे नाहीत, त्या ‘अंशतः’मध्ये येतात की नाही? आणि एकदा उत्तर आलं म्हणजे विषय संपला का? इथे मंत्रालयात, तहसीलला काम केलेले बरेच जण आहेत. जरा उजेड पाडा.

लाल_डबा

वाचतोय.

हरकत_नोंदवतो

उजेड कसला पाडायचा? सगळं स्टेटससाठी असतं हो. माइकसमोर उभं राहिल्याचा फोटो, मागे पिवळी अक्षरं, ‘सभागृहात जनतेचा आवाज घुमला’. आमदाराला वर्षाला पाच कोटी स्थानिक विकास निधी आहे, त्यातून एक संगणक आणि एक माणूस तहसीलला बसवला असता तरी काकूंचे पैसे आले असते. आणि प्रश्न कोण कुणासाठी विचारतं हेही एकदा बघा. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून संसदेतून अकरा खासदार काढले होते, विसरलात?

निवृत्त_कार्यासन

@हरकत, खासदार काढले ते खरं आहे, पण त्या निधीतून माणूस बसवता येत नाही. ती रक्कम कामांसाठी असते, पगारासाठी नव्हे. असो.

मी मंत्रालयात एका विभागात कार्यासनावर (फायली हाताळणाऱ्या टेबलावर) बरीच वर्षं काढली. अधिवेशन लागलं की आमच्याकडे घरी जायची वेळ नावाची गोष्ट राहत नसे. उत्तर कसं तयार होतं ते सांगतो, म्हणजे ‘अंशतः’ कुठून येतं ते कळेल.

सदस्य प्रश्नाची सूचना विधानमंडळ सचिवालयाला देतात. अध्यक्षांनी स्वीकारला की तो संबंधित विभागाकडे येतो. विभागाकडे तालुक्याची माहिती नसते, असायचं कारणही नाही. मग ई-मेल जातो जिल्हाधिकाऱ्यांना, वर ‘विधानसभा तारांकित प्रश्न – अत्यंत तातडीचे’. तिथून तहसीलला, त्याच मथळ्यासह, फक्त ‘आज सायंकाळपर्यंत’ अशी भर घालून. तहसीलला संजय गांधी शाखेत जो कारकून बसलेला असतो, तो माहिती भरतो. तीच माहिती जिल्ह्याची सही घेऊन वर येते. आम्ही तिची भाषा सरळ करतो, अवर सचिव, उपसचिव, सचिव आणि मंत्री अशी नस्ती (फाईल) फिरते आणि छापायला जाते.

म्हणजे ज्या टेबलाबद्दल तक्रार आहे, उत्तराचा पहिला मसुदा त्याच टेबलावर लिहिला जातो. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. दुसरी माहिती कुणाकडे नसते, एवढंच.

आता ‘अंशतः’. ‘होय, हे खरे आहे’ लिहिलं की पुढच्या भागात काय कारवाई केली ते सांगावं लागतं. ‘हे खरे नाही’ लिहिलं आणि सदस्याने चार पासबुकं सभागृहात दाखवली तर मंत्री अडचणीत. म्हणून मधला रस्ता. आमच्याकडे नवीन आलेल्या सहायकाला पहिल्या अधिवेशनात हेच शिकवलं जायचं. आणि तिसऱ्या भागातलं ‘प्रश्न उद्भवत नाही’ तर डोळे मिटून.

आता यातली खरी मेख. सभागृहात मंत्री ‘चौकशी करू’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ असं काही बोलले की ते आश्वासन ठरतं. विधानमंडळाची आश्वासन समिती असते, ती त्याचा पाठपुरावा करते, आणि नव्वद दिवसांत पूर्तता करायचा दंडक आहे. तो पाळला जातो का, हा वेगळा विषय, पण नस्ती उघडी राहते, दर थोड्या दिवसांनी स्मरणपत्र येतं आणि त्याचा ताप होतो. ‘प्रश्न उद्भवत नाही’मध्ये आश्वासन नाही. नस्ती बंद. तुमच्या तालुक्याचं उत्तर लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलं आहे.

मुक्काम_पोस्ट

धन्यवाद, हे कुणी असं सांगितलं नव्हतं. पण तारांकित म्हणजे तोंडी ना? मंत्र्यांना उलट विचारता येतं ना?

निवृत्त_कार्यासन

येतं, वेळ आली तर. प्रश्नोत्तराचा तास एकच. यादीत प्रश्न ढीगभर, आणि होतात जेमतेम पाच-सात. एखाद्या प्रश्नावर गोंधळ झाला तर तेवढेही नाहीत. बाकीच्यांची उत्तरं छापील स्वरूपात पटलावर येतात, उपप्रश्न नाही, चर्चा नाही. तुमचा प्रश्न त्याच ढिगातला असणार. मंत्र्यांच्या हातात ‘पूरक टिपणी’ म्हणून कागद असतो, सदस्य काय उलट विचारतील याचा अंदाज बांधून केलेला. खरी माहिती बऱ्याचदा त्या टिपणीत असते. प्रश्न पुकारलाच नाही तर ती टिपणी तशीच नस्तीत जाते. मी केलेल्या टिपण्यांपैकी बहुतेक कुणी वाचल्या नाहीत.

उत्तर समाधानकारक नसेल तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लावता येते. अंदाजपत्रकाच्या वेळी त्या विभागाच्या मागणीवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा अशी) देता येते. हे सगळं आमदाराला माहीत असतं. त्याच्या कार्यालयात बसून कागद तयार करणारा माणूस मात्र नसतो.

चावडी_खालचा

मी त्या टेबलावर बसतो. तुमच्या तालुक्यात नाही, शेजारच्या जिल्ह्यात. त्यामुळे निवृत्त साहेबांनी लिहिलेलं वाचून हसू आलं आणि थोडं लागलंही.

शाखेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती हे लिहीत नाही. मी एकटा आहे, आणि निवडणुकीच्या काळात तोही नाही, एवढं पुरे. ‘आज सायंकाळपर्यंत’वाला ई-मेल बहुधा दुपारी जेवणानंतर येतो.

पूर्वी पैसे कोषागारातून तहसीलदारांच्या खात्यात आणि तिथून बँकेला यादीसकट जायचे. यादी आमच्या हातची. नाव चुकलं, खाते क्रमांकातला आकडा चुकला तर बँकवाला फोन करायचा, आम्ही दुरुस्त करायचो. आता डीबीटी, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण. पैसे थेट आधारवर. आमच्या हातात पोर्टलवरचा शेरा राहिला.

धागाकर्ते, तुमच्या काकूंचं काय झालं असेल ते सांगतो. ‘पैसे मिळाले नाहीत’ असं म्हणणारे माझ्या खिडकीवर तीन तऱ्हेचे येतात.

पहिले, ज्यांचं आधार कुठल्याच खात्याला जोडलेलं नाही. त्यांचा व्यवहार परत येतो आणि शेरा दिसतो. उत्तरात ‘संलग्न नाही ते वगळता’ म्हटलंय ते हे.

दुसरे, ज्यांचा हयातीचा (जिवंत असल्याचा) किंवा उत्पन्नाचा दाखला राहिला म्हणून नाव थांबलं. हे ‘पात्र’मध्येच धरले जात नाहीत. ‘पात्र लाभार्थ्यांना वितरित केले’ या वाक्यातून ते आधीच गळालेले असतात. खोटं काही नाही त्या वाक्यात.

तिसरे सगळ्यात वाईट. आधारवर पाठवलेला पैसा तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जात नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं त्यात जातो. मध्यंतरी गावोगाव शिबिरं झाली, कुणी मोबाईलवर खातं उघडून दिलं, कुणी बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत, अंगठे लावले गेले. बाईला पत्ताच नाही. ती जिल्हा बँकेचं जुनं पासबुक घेऊन महिनोन्‌महिने भरून घेते, त्यात काही येत नाही. आमच्या पोर्टलवर हिरवं: व्यवहार यशस्वी. माझ्या दृष्टीने तिला पैसे मिळाले. मी ‘वितरित’मध्ये तिचा आकडा धरतो, दुसरं करणार काय?

काकूंना बँकेत किंवा आधार केंद्रावर नेऊन आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते बघा. आधीच्या महिन्यांचे पैसे तिकडे पडलेले असण्याची बरीच शक्यता आहे.

मुक्काम_पोस्ट

चावडी, दंडवत घ्या. काकूंनी गेल्या वर्षी बचत गटाच्या शिबिरात काहीतरी अंगठा लावला होता हे मला पक्कं आठवतंय. उद्याच नेतो.

हरकत_नोंदवतो

झालं की मग काम. विधानसभेत न जाता एका प्रतिसादात झालं. हेच तर मी म्हणत होतो.

तिखट_मीठ

एका काकूंचं झालं, हरकत दादा. बाकीच्यांना हा धागा वाचायला मिळणार नाहीये.

मी एकल महिलांच्या कामात आहे, तेव्हा थोडं वेगळं बोलते. आधार, पोर्टल हे सगळं नाव मंजूर झालेल्यांचं दुखणं. मुळात नावच न लागलेल्या बाया याच्या कितीतरी पट आहेत आणि त्यांचं कारण एका ओळीत आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं.

वर्षाला एकवीस हजार. महिन्याला सतराशे पन्नास, एका माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे. मनरेगाचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर रोजाला ३१२ रुपये होता. करा हिशोब. अडुसष्ट दिवस कामावर गेलं की २१,२१६ झाले. म्हणजे सरकारच्याच हमीचे शंभर दिवस एखाद्या विधवेने इमानदारीने भरले तर ती सरकारच्याच कागदावर निराधार राहत नाही. त्यामुळे होतं काय, की सगळे मिळून खोटं बोलतात. तलाठी उत्पन्न वीस हजार लिहितो, बाई सही करते, अर्ज मंजूर करणारी समिती मान डोलावते, सगळ्यांना माहीत असतं. ज्या बाईची तलाठ्याशी ओळख नाही किंवा जी फार खरं बोलते, ती बाहेर.

आणि शेजारी लाडकी बहीण. रक्कम तीच पंधराशे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एकाच राज्यात, एकाच रकमेसाठी. नवरा असलेल्या बाईला अडीच लाख आणि नवरा गेलेल्या बाईला एकवीस हजार, हे कुठल्या तर्काने? लाडकी बहीण मिळू नये असं मी म्हणत नाही, आमच्या बायांनाही तिचा आधार झाला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की संजय गांधी योजनेतल्या दोन लाख तीस हजार बायांना लाडक्या बहिणीतून वगळलं, दोन्हीकडून घेता येत नाही म्हणून. नियम म्हणून ठीक. पण माझ्याकडे अशा बाया आल्या ज्यांचं इकडचं आधारमुळे अडलेलं आणि तिकडचं ‘तुम्हाला इकडून मिळतं’ म्हणून बंद. कागदावर दोन योजनांची लाभार्थी, हातात शून्य.

मला आमदाराने विचारायला हवा तो प्रश्न हा आहे. ‘माहे मार्चपासून पगार मिळाला नाही’ हा नव्हे.

नुसताच_वाचक

तिखट_मीठ, प्रतिसाद प्रचंड आवडला. अडुसष्ट दिवसांचा हिशोब छापून दारात लावावा असा. वाखु (वाचनखूण) साठवली.

शिवार

यात केंद्राचाही भाग धरा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचे दोनशे रुपये येतात, ऐंशीच्या पुढे पाचशे. १९९५ ला योजना आली तेव्हा पंचाहत्तर रुपये होते. त्यानंतर दोनशे झाले ते साधारण वीस वर्षं तिथेच आहेत. वरची रक्कम राज्य आपल्या खिशातून घालतं. म्हणून आमदाराने जोर लावला तर मंत्री हळूच दिल्लीकडे बोट दाखवतात, आणि खासदाराने विचारलं तर राज्यांनी भर घालावी असं उत्तर येतं.

डिचोलीकर

गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे हे प्रकरण बरंच वेगळं चालतं म्हणून लिहितो.

आमची विधानसभा चाळीसांची, एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजाराच्या आतबाहेर मतदार. तुमच्याकडे २८८ आमदार आणि दर आमदारामागे सव्वातीन लाखांच्या वर मतदार. त्यामुळे आमचा आमदार म्हाताऱ्यांना नावाने ओळखतो, आणि न ओळखून चालतही नाही, कारण दोन-चारशे मतांवर निकाल फिरतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना (ज्येष्ठांना महिना दोन हजार) आणि गृह आधार (पंधराशे) यांचे पैसे लांबले की एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) ठरलेला. इथे भाजीवाली सुद्धा एलएक्यू म्हणते. विरोधी आमदार उत्तरासोबत परिशिष्ट मागतात: किती अर्ज आले, किती मंजूर, किती प्रलंबित, मतदारसंघवार. ती जाडजूड परिशिष्टं मग पत्रकार आणि कार्यकर्ते वर्षभर वापरतात. भाषण दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, परिशिष्ट राहतं.

अर्थात आमच्याकडेही ‘माहिती गोळा केली जात आहे’ नावाचं उत्तर आहे. ती गोळा होईपर्यंत अधिवेशन उरकतं.

चावडी_खालचा

परिशिष्ट हा शब्द वाचून अंगावर काटा आला. पण डिचोलीकर बरोबर बोलताहेत. आम्हाला ‘खरे आहे काय’ विचारलं तर शब्दात उत्तर देतो. तक्ता मागितला तर तक्ता भरावा लागतो. तक्त्यात ‘अंशतः’ लिहायला रकाना नसतो.

जुना_गोरेगावकर

तरुण मंडळी, थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

गोरेगावात आम्ही लहान असताना पाण्यासाठी रांगा लागायच्या. मृणाल गोरे १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हापासून ‘पाणीवाली बाई’. १९७२ साली विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत, पुढे पुन्हा विधानसभेत. लोकांना मोर्चे आणि लाटणी आठवतात. पण मोर्चाच्या आधी त्या प्रत्येक चाळीतली माहिती घेऊन बसत: नळ किती, पाणी किती वाजता, टाकी कुणाच्या ताब्यात. अधिकाऱ्यापेक्षा बाईंचे आकडे पक्के असायचे, ही तक्रार अधिकाऱ्यांचीच. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रात झाला, १९८८ साली. केंद्राचा आला १९९४ ला. त्यामागे बाहेरची चळवळ होती आणि सभागृहात बाईंचं अशासकीय विधेयक होतं.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. शेतकरी कामगार पक्षाचे, अकरा वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ साली. मधल्या दोन पराभवांखेरीज २०१९ पर्यंत. बहुतेक काळ विरोधी बाकावर. दुष्काळी तालुका, आयुष्यभर पाण्याचाच प्रश्न विचारत राहिले. एसटीने यायचे-जायचे, म्हणून तालुक्याची खबर त्यांना गाडीतच मिळायची.

आणि रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली योजना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर, १९७७ ला कायदा. दिल्लीने अठ्ठावीस वर्षांनी, २००५ ला तसा कायदा केला. म्हणजे सभागृहातून काही होत नाही, हे मी तरी मान्य करणार नाही.

हरकत_नोंदवतो

काका, आदर आहे. पण ती माणसं गेली. मृणालताई २०१२ ला, गणपतराव २०२१ ला. आत्ताच्या विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेता सुद्धा नाही, कारण एकाही विरोधी पक्षाकडे एकोणतीस आमदार नाहीत. वीस, सोळा, दहा असा हिशोब आहे. प्रश्न विचारणार कोण?

निवृत्त_कार्यासन

सत्ताधारी बाकावरचेही विचारतात, आणि स्वतःच्या तालुक्याचे तर हमखास. आम्हाला विरोधकांपेक्षा त्यांचीच धास्ती असायची, कारण मंत्र्यांना त्यांना नाराज करून चालत नसे. शिवाय एका प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असतात, तुम्ही यादी पाहा, ‘सर्वश्री’ लिहून पुढे रांग. आमदार कोणत्या पक्षाचा याने उत्तराच्या मसुद्यात फारसा फरक पडत नाही. प्रश्न कसा रचलाय याने पडतो.

लाल_डबा

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या गावची मुक्कामी एसटी बंद झाली. कॉलेजच्या मुली सकाळच्या पहिल्या गाडीवर अवलंबून. आमदारांनी सभागृहात औचित्याचा मुद्दा म्हणून तो विषय मांडला. आठवड्याभरात गाडी सुरू! आम्ही नारळ फोडला, चालकाला टोपी-उपरणं. महिन्याभरात गाडी परत गायब. आगारात विचारलं तर म्हणे ‘वरून आदेश होता, पाळला’. किती दिवस पाळायचा ते आदेशात नव्हतं.

एकीकडे महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे फुकट. सवलत घ्यायला गाडी तर हवी.

तिखट_मीठ

लाल_डबा, अजिबात अवांतर नाही. आमच्या बाया तहसीलला जातात त्या याच गाडीने. गाडी चुकली की हयातीचा दाखला चुकतो.

मुक्काम_पोस्ट

अपडेट: काकूंना घेऊन गेलो होतो. चावडींचा अंदाज बरोबर निघाला, आधार शिबिरातल्या खात्याला जोडलेलं आहे. पैसे तिकडे पडलेत. काढायचे कसे ते आता बघतोय, कारण त्या खात्याचं पासबुकही नाही आणि काकूंचा अंगठा यंत्रावर उठत नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. डोळ्यांचं यंत्र एका केंद्रावर आहे म्हणतात.

पण तिखट ताईंचं पटलं. एकेक काकू धरून हे संपणार नाही. आमदारांच्या स्वीय सहायकांशी बोललो. म्हणाले, ‘नागपूरसाठी प्रश्न द्यायचेच आहेत, तुम्ही तयार करून द्या, साहेब सही करतील.’ तर इथेच मसुदा करूया का? खालीलप्रमाणे सुरुवात केली आहे, फाडा:

*‘… तालुक्यातील संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांचे अनुदान प्रलंबित असल्याबाबत. सन्माननीय सामाजिक न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) तालुक्यातील असंख्य लाभार्थी अनुदानापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय…’*

निवृत्त_कार्यासन

‘असंख्य’ काढा. असंख्य म्हटलं की आम्ही ‘हे खरे नाही’ लिहून सुटतो. ‘वंचित’ही काढा. आणि एक लक्षात घ्या: खातं सामाजिक न्यायाचं आहे, पण काम करणारी माणसं महसूलची. मंत्री म्हणतील, पदं भरणं माझ्याकडे नाही. म्हणून रिक्त पदांचा वेगळा प्रश्न महसूल मंत्र्यांना टाका, त्याच दिवशी आला नाही तरी चालेल. आरोग्य केंद्राच्या बाबतीतही हेच होतं. डॉक्टर एका विभागाचा, इमारत दुसऱ्याची, आणि सदस्य एकाच मंत्र्यावर ओरडत बसतात.

पहिल्या भागात तारीख घाला आणि आकडा विचारा. असं काहीसं:

(१) दिनांक अमुक रोजी तालुक्यात दोन्ही योजनांचे मंजूर लाभार्थी किती, त्यापैकी किती जणांचे अनुदान पाठविण्यात आले व किती व्यवहार परत आले. (२) परत आलेल्या व्यवहारांची कारणनिहाय संख्या किती. (३) हयात अथवा उत्पन्न दाखल्याअभावी किती जणांचे अनुदान थांबविले व त्यांना तसे कोणत्या दिनांकास लेखी कळविले…

‘लेखी’ महत्त्वाचं आहे. कळवलेलं नसतंच.

तिखट_मीठ

(४) योजनेची वार्षिक उत्पन्नमर्यादा रु. २१,००० असताना मनरेगाच्या २०२५-२६ च्या दराने ६८ दिवस काम केलेले कुटुंब अपात्र ठरते, हे खरे आहे काय. असल्यास, मर्यादा वाढविण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय.

इथे ‘अंशतः’ लिहून दाखवा म्हणावं. गुणाकार अंशतः खरा नसतो.

निवृत्त_कार्यासन

वा. पण याचं उत्तर ‘बाब तपासण्यात येत आहे’ असं येईल, सांगून ठेवतो. ते आलं तर सोडू नका. सभागृहात तेच बोलून घेतलं की आश्वासनाच्या वाटेने जाता येतं.

शिवार

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आणि एकच विषय, तेवढं सांभाळा. उत्तर अधिवेशनाच्या आत आलं तर आमदारांच्या हातात स्वतःचा तक्ता असेल. दोन तक्ते जुळले नाहीत की उपप्रश्नाची गरजच नाही.

हरकत_नोंदवतो

मान्य नाही तरी एक सूचना. तिसरा प्रकार, दुसऱ्याच खात्यात गेलेले, तो तुमच्या चारही भागांत बसत नाही. पोर्टलवर तो यशस्वी दिसतो, असं चावडीच म्हणाले. मग तक्त्यात येणार कसा?

चावडी_खालचा

हरकत भाऊ, पहिल्यांदाच कामाचं बोललात. :) असा विचारा: ‘अर्जात नमूद केलेल्या बँकेव्यतिरिक्त अन्य बँकेत अनुदान जमा झालेल्या लाभार्थ्यांची संख्या’. अर्जातली बँक आमच्याकडे आहे, पैसे कुठे गेले ते यंत्रणेत असतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मला त्रास होईल, माझ्यासारख्या सगळ्यांनाच होईल, तरी विचारा.

आणि सगळी संख्या गावनिहाय मागा. तालुक्याची मागितली तर आम्ही एक आकडा देतो आणि मोकळे होतो.

मुक्काम_पोस्ट

दोन्ही घातलं. ‘असंख्य’ काढलं. रिक्त पदांचा महसूलसाठी वेगळा कागद केला. लाल_डबा, तुमच्या आमदारांसाठी एसटीचा करायचा असेल तर आगाराचं नाव, फेरीची वेळ आणि बंद झाल्याची तारीख व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा. आदेश ‘किती कालावधीसाठी’ दिला होता तेही त्यात विचारू.

लाल_डबा

पाठवतो. तारीख मुलींनी वहीत लिहून ठेवली आहे, गाडी कोणत्या दिवशी आली आणि कोणत्या दिवशी नाही तेही.